निकाल ठाऊक नसलेला खेळ : संयुक्त मानापमान, झाडीपट्टीची मंडई आणि रिअॅलिटी शोचा प्रेक्षक

८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला थिएटर. नाटक ‘मानापमान’.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक रंगभूमीवर येऊन तोवर दहा वर्षे लोटली होती. भामिनी धैर्यधराला आधी का झिडकारते आणि शेवटी तिचे मन कसे वळते, हे मुंबई-पुण्याच्या रसिकांना तोंडपाठ होते. पदे घरोघरी गुणगुणली जात होती. कथेत उत्कंठेचा कणही उरला नव्हता. तरीही त्या रात्रीच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली आणि लोकांनी चढे दर आनंदाने मोजले.

कारण त्या रात्री गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले प्रथमच एका रंगमंचावर उभे राहणार होते. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचे. दोन्ही मंडळ्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी आणि दोघांचे भक्त त्याहून कट्टर. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर खाडिलकरांच्या संहितेत कुठेही नव्हते : आज कोण सरस ठरणार?

या धाग्याचा विषय आहे रिअॅलिटी शो, आणि त्याचा आरंभ संगीत नाटकापासून करण्याचे कारण हेच. नाटकातली गोष्ट लेखकाने आधीच संपवून ठेवलेली असते. त्या रात्री मात्र नाटकाच्या आत दुसरा एक खेळ चालू होता. त्याचा निकाल लागायचा होता आणि तो लावण्याचा अधिकार आपलाच आहे, असे प्रत्येक प्रेक्षकाला वाटत होते. भामिनी-धैर्यधराची वेषभूषा तर होतीच, पण पाहणाऱ्यांचे डोळे त्या वेषाआडच्या दोन हाडामांसाच्या माणसांवर खिळले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले आणि तो निकाल कायमचा वादग्रस्त राहिला. शंभर वर्षांनंतरही जुन्या नाट्यप्रेमींच्या बैठकीत हा वाद उकरून काढता येतो.

वेषाआडचा माणूस पाहण्याच्या या ओढीचा आणखी एक दाखला याच नाटकाशी जोडलेला आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले. भामिनीच्या भूमिकेची कितीतरी वर्णने काळाच्या ओघात विस्मरणात गेली. ही हकिकत मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मुखवटा आणि चेहरा यांत क्षणभर पडलेली फट लोकांच्या स्मरणात अभिनयापेक्षा खोल रुतते.

‘रिअॅलिटी टेलिव्हिजन’ हा शब्द अलीकडचा. नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ १९९९ साली सुरू झाले. काही अनोळखी माणसे एका घरात कोंडायची, चोहीकडे कॅमेरे लावायचे आणि एकेकाला बाहेर काढत जायचे, एवढीच त्याची कल्पना. त्याआधी १९४८ साली अमेरिकेत ‘कँडिड कॅमेरा’ने बेसावध माणसांच्या फजितीचे चित्रण सुरू केले होते. १९७३ साली ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ या मालिकेने कॅलिफोर्नियातील एका खऱ्या कुटुंबाचा संसार, त्यातील घटस्फोटाच्या निर्णयासह, साऱ्या देशासमोर मांडला. पाठ्यपुस्तकी इतिहास येथून सुरू होतो. तंत्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण प्रेक्षकाचा इतिहास तंत्राच्या इतिहासाहून फार जुना असतो. तो पाहायचा तर मुंबई सोडून महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला जावे लागते.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानाच्या पट्ट्यातले गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ या दोन्ही राज्यांना खेटून आहे. येथे एकाच ओसरीवर मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी अशा चार बोलींत गप्पा रंगू शकतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या या रानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात त्याला बहुधा तळटिपेतच जागा मिळते, हे आपल्या इतिहासलेखनाचे दारिद्र्य होय. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि येथील लोककलांवर आयुष्य वेचले नसते, तर ती तळटीपही उरली नसती.

दिवाळी सरली की या गावांतून मंडई भरू लागते. मंडई म्हणजे भाजीबाजार अशी समजूत असलेल्या पुणेकराने येथे थोडे थांबावे. झाडीपट्टीची मंडई ही जत्रा आहे. भाऊबीजेपासून पुढे गावोगाव तिचे दिवस ठरतात आणि शेजारच्या गावांच्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत याची काळजी घेतली जाते, म्हणजे सर्वांना सर्वांकडे जाता येते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकीची बोलणी निघतात. आणि करमणूक होते ती दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांची.

दंडार करणारे कोणी व्यावसायिक नट नसतात. गावातलेच शेतकरी, मजूर, पोरे. स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. आख्यान पुराणातले, पण त्याच्या मधल्या जागा मोकळ्या. त्या जागांत सोंगाड्या काय बोलेल याचा नेम नसतो. धानाचा भाव, सावकार, नुकतेच झालेले लग्न, कोणाची हरवलेली गाय, यांतले काहीही आख्यानात शिरते. खडी गंमत ही विदर्भाची उभ्याने करायची गंमत : शाहीर, नाच्या, ढोलकी, डफ, तुणतुणे. गण झाला, गौळण झाली, की दोन पक्षांचा झगडा सुरू होतो. एका शाहिराने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तेथल्या तेथे काव्यात जबाब द्यायचा. दोन शाहिरांचे संच एका रात्री समोरासमोर आणले की गर्दी दुप्पट होते, हे आयोजकाला आजही ठाऊक असते.

या गर्दीला नेमके काय पाहायचे असते? द्रौपदीचे वस्त्रहरण होणार, कृष्ण धावून येणार, हे पोराटोरांनाही माहीत असते. पाहायचे असते ते हे, की काल बांधीत आपल्या शेजारी धान कापणारा माणूस आज द्रौपदी होऊन कसा उभा राहतो. त्याचा पदर सावरताना गोंधळ उडतो का? सोंगाड्याने पाटलाचे नाव घेतले तर पुढच्या रांगेत बसलेला पाटील हसतो की उठून जातो? हे सारे संहितेबाहेरचे नाट्य आहे आणि त्यातला प्रत्येक क्षण खरा आहे. टीव्हीच्या भाषेत ज्याला ‘अनस्क्रिप्टेड’ म्हणतात, ते येथे कंदिलाच्या उजेडात चालत आले.

याच मुलखात दिवसा शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्या धुरळा उडवीत धावतात आणि क्षणार्धात निकाल लागतो. बैलांना नावे असतात, कीर्ती असते, पाठीराखे असतात. झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायाने या पटाशी फार हुशारीने सोयरीक जुळवली. दिवसा पट, रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत तेथील नाट्यमंडळे चार जिल्ह्यांत फिरत असतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने ‘झाडीपट्टी म्हणजे काय’ असा शोध घेतला. दिवसा निकाल न ठरलेला खेळ आणि रात्री निकाल ठरलेला खेळ, अशी चोवीस तासांची आखणी एखाद्या वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखालाही सहज सुचणार नाही.

हा सारा ग्रामीण भाबडेपणा आहे, असा समज होऊ नये म्हणून भरतमुनींकडे वळणे भाग आहे. नाट्यशास्त्राचा २७वा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे यशाविषयी आहे. प्रयोग साधला हे ओळखायचे कसे? भरत दोन प्रकार सांगतो. मानुषी सिद्धी म्हणजे प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावर उठलेले रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे. दैविकी सिद्धी याहून वरची : प्रेक्षागार तुडुंब भरलेले आहे आणि कोठेही आवाज नाही.

पण त्याच अध्यायात स्पर्धाही आहे. नटमंडळ्या एकमेकींशी झुंजत असत आणि विजेत्याला पताका मिळे. निवाड्यासाठी प्रश्निक, म्हणजे परीक्षक नेमलेले असत. त्यांची यादी मोठी रंजक आहे : यज्ञवेत्ता, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. ज्याने त्याने आपापल्या विषयापुरता कौल द्यायचा. धनुष्य कसे धरले हे धनुर्धराने पाहायचे, शृंगार कसा वठला हे गणिकेने. आजच्या परीक्षक-मंडळात एखादा वैयाकरण बसवला तर काय होईल, ही कल्पना मोहक आहे. शिवाय प्रतिपक्षाकडून येणारे अडथळेही भरताने नोंदवले आहेत : आरडाओरडा, टाळ्या पिटणे, शेण, मातीची ढेकळे, गवत आणि चक्क मुंग्या टाकणे. आजच्या ट्रोलचे हे पूर्वज. दोन सहस्रकांपूर्वीच्या या ग्रंथात स्पर्धक, परीक्षक, बक्षीस, चाहत्यांच्या टोळ्या आणि घातपात, सारे हजर आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळात हीच परंपरा कलगी-तुऱ्याच्या फडात बहरली. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणार, कलगीवाले शक्तीला. वाद अध्यात्माचा, पण मैदान जत्रेचे. भेदिक लावणीतून कूट घालायचे आणि प्रतिपक्षाने सभेसमोर ते सोडवायचे. सोलापूरचे राम जोशी किंवा संगमनेरचे अनंत फंदी यांची कीर्ती पसरली ती छापील पुस्तकांनी नव्हे. ऐकणाऱ्यांनी फडातला प्रसंग पुढे सांगितला, म्हणून पसरली. शिव मोठा की शक्ती, हा निवाडा होणारच नव्हता. पण आज रात्री कोणाचा शाहीर अडखळला, हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोचत असे.

तेव्हा दूरचित्रवाणी आली ती या तयार बसलेल्या प्रेक्षकासमोर. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ आले. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ने सुनिधी चौहानसारखी गायिका दिली. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि अमिताभ बच्चन छोट्या पडद्यावर सामान्य माणसाशी त्याच्या गावाविषयी आणि कर्जाविषयी बोलू लागले. ब्रिटनमधून घेतलेला हा आराखडा भारतात रुजण्याचे कारण प्रश्नांत नव्हते. त्या गप्पांत होते.

मराठीत खरा कल्पक घाव घातला तो २००४ च्या ‘होम मिनिस्टर’ने. त्याला कोणी रिअॅलिटी शो म्हणत नाही, पण आहे तो तोच. आदेश बांदेकर ‘भावोजी’ होऊन लोकांच्या घरात शिरले; दोन गृहिणींमध्ये सोपे खेळ, आणि जिंकणारीला पैठणी. स्टुडिओ नाही, झगमगाट नाही. पडदे, शोकेस, सासूबाईंचा सोफा, सगळे प्रेक्षकाच्याच घरातल्यासारखे. त्या घरातली सून प्रथमच साऱ्यांसमोर सांगते की लग्नाआधी ती उत्तम कबड्डी खेळत होती, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला कोणताही लेखक लागत नाही. या कार्यक्रमाच्या दीर्घायुष्याचे रहस्य पैठणीत शोधणारे चुकतात.

यानंतरचे मोठे वळण मतदानाचे. २००४-०५ च्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये मुंबईचा अभिजित सावंत प्रेक्षकांच्या मतांवर जिंकला. मोबाइल तेव्हा नवा होता आणि एसएमएसला पैसे पडत. तरी लोकांनी ते मोजले. या मतांचे ऐतिहासिक वजन मात्र कळले ते २००७ मध्ये, दार्जिलिंगला. कोलकाता पोलीस दलातील शिपाई प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात पुढे सरकू लागला, तसे डोंगरी भागातले नेपाळीभाषक एकवटले. मते पाठवण्यासाठी वर्गण्या काढल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये तो जिंकला. त्यानंतर एका रेडिओ निवेदकाच्या हीन शेऱ्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली. प्रशांतच्या पाठिंब्याच्या मोहिमेतून पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. स्वतंत्र गोरखालँडची मागणी जुनी होती, तिची कारणे खोल होती. पण तिला नवे संघटन मिळाले ते एका गाण्याच्या स्पर्धेच्या निमित्ताने. करमणुकीच्या इतिहासाला गौण मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

विद्वानांनी या ओढीची कारणमीमांसा केली आहे. समाजमानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले की माणूस स्वतःचे मोल इतरांशी तुलना करून ठरवतो. १९५६ साली हॉर्टन आणि वोल यांनी दाखवले की पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एक एकतर्फी नाते जुळते. त्याला ते मैत्रीसारखे वाटते, समोरच्याला त्याची गंधवार्ता नसते. स्टीव्हन रीस आणि जेम्स विल्ट्झ यांचा २००४ सालचा अभ्यास सर्वांत कडवट. रिअॅलिटी शोच्या चाहत्यांत प्रतिष्ठेची, आपणही महत्त्वाचे आहोत असे वाटण्याची आस इतरांहून अधिक दिसते, असा त्याचा निष्कर्ष. प्रेक्षक दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावण्याच्या हौसेने येतो, हा लोकप्रिय समज त्यापुढे फिका पडतो. पडद्यावरचा सामान्य माणूस प्रसिद्ध होतो, म्हणजे सामान्य असणे ही अडचण नाही, हे आश्वासन त्याला हवे असते.

हा निष्कर्ष महाराष्ट्राच्या उदाहरणांवर घासून पाहता येतो. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणे हे त्यांचे काम. त्याच वर्षी अमरावतीचाच शिव ठाकरे ‘बिग बॉस मराठी’चे दुसरे पर्व जिंकला. विदर्भात या दोन्ही बातम्या घरच्या आनंदासारख्या साजऱ्या झाल्या. ‘आपला माणूस’ या दोन शब्दांत तुलनाही आली, एकतर्फी नातेही आले आणि प्रतिष्ठाही. मुंबईने कधी न विचारलेल्या प्रदेशाला आपला माणूस पडद्यावर दिसणे, याचे मोल मुंबईत बसून कळणे कठीण.

२०२४ चे पाचवे पर्व याहून गुंतागुंतीचे. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, शिक्षण तुटपुंजे, टिकटॉकवरच्या चित्रफितींनी मिळालेली ओळख. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी येण्यापूर्वी त्याला पाहणाऱ्यांत हसणारे किती आणि त्याला हसणारे किती, हे वेगळे करणे अवघड होते. ‘बिग बॉस मराठी’च्या घरात तो आरंभी बावरलेला दिसला. डावपेच जमत नव्हते, भाषा गावची होती. आणि तोच जिंकला. शहरी समीक्षकांनी याला सहानुभूतीची मते म्हटले. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. घरातले बाकीचे सारे काही ना काही वठवीत आहेत आणि हा एकटा वठवूच शकत नाही, असे प्रेक्षकाला वाटले. बालगंधर्वांच्या वेषाआड डोकावणाऱ्या १९११ च्या प्रेक्षकाची आणि या प्रेक्षकाची भूक एकच आहे.

येथवर परंपरा अखंड दिसते. तरीही मंडई आणि बिग बॉसचे घर यांना एकाच माळेत ओवणे ही इतिहासाची फसवणूक ठरेल. त्यांच्यात एक दरी आहे आणि तिच्यात माणसे पडली आहेत.

पहिला फरक कात्रीचा. फडात शाहीर अडखळला तर सर्वांसमोर अडखळतो. त्या अडखळण्याच्या आधी आणि नंतर काय झाले, हेही त्याच डोळ्यांनी पाहिलेले असते. टीव्हीवर चोवीस तासांच्या चित्रणाचा एक तास होतो. कोणाचे रडणे ठेवायचे आणि कोणाने रडवले ते कापायचे, हे संकलकाच्या हाती. मते प्रेक्षक देतो, पण त्यांचे आकडे सहसा जाहीर होत नाहीत. कलगी-तुऱ्याच्या सभेने असा निकाल खपवून घेतला नसता. ढेकळे उचलली असती.

दुसरा फरक याहून गंभीर. दंडारीच्या प्रेक्षकाला आपल्या टिंगलीचा हिशेब द्यावा लागतो. ज्याला हसलो तो उद्या बांधावर भेटणार आहे. त्याच्या घरी आपली लेक दिलेली असू शकते. त्यामुळे टिंगलीला कूस असते, मर्यादा असते. खडी गंमतीतला झगडा संपला की दोन्ही शाहीर एकाच चुलीवरचा चहा पितात. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकावर असे कोणतेही ऋण नाही. हॉर्टन आणि वोल यांचे एकतर्फी नाते प्रेमाचे असते तसे द्वेषाचेही असू शकते, आणि त्या द्वेषाला भ्रमणध्वनीमुळे पत्ता मिळाला.

जपानची २२ वर्षांची कुस्तीगीर हाना किमुरा ‘टेरेस हाऊस’ या शोमध्ये होती. धुलाईत खराब झालेल्या कुस्तीच्या पोशाखावरून ती घरातल्या एका तरुणावर भडकली. भांडण एवढेच. ते प्रसारित झाल्यावर समाजमाध्यमांवर तिच्यावर अपमानांचा भडिमार झाला आणि २३ मे २०२० रोजी तिने जीवन संपवले. तिच्या आईने लढा दिला. २०२२ मध्ये जपानने सार्वजनिक अपमानाबद्दलची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. आखाड्यात हजारो लोकांच्या आरोळ्या झेलणारी मुलगी घरात बसून आलेल्या शब्दांनी खचली, कारण आखाड्यातल्या आरोळीला चेहरा असतो आणि घंटा वाजली की ती थांबते.

भारतात चिंता अधिक ती मुलांची. १८ जून २०१९ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना पाठवली : नृत्याच्या रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांकडून त्यांच्या वयाला न शोभणारे नाच करून घेऊ नयेत. सूचना योग्य होती. पण तिच्यात प्रेक्षकाचा उल्लेख असणे शक्य नव्हते, आणि असे कार्यक्रम चालतात ते प्रेक्षकावर. आठ वर्षांचे मूल बाद होते, कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर जातो, मग आईच्या डोळ्यांवर, आणि लाखो घरांत त्या क्षणी कोणी वाहिनी बदलत नाही.

बैलाच्या बाबतीत समाजाने हा प्रश्न निदान न्यायालयात तरी नेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले. कारण क्रौर्याचे होते : शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकले, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. आज पट भरवायचा तर पूर्वपरवानगी लागते आणि बैलाला इजा होणार नाही याची हमी द्यावी लागते. धावणाऱ्या जनावराला एवढे संरक्षण मिळण्यासाठी नऊ वर्षांचा खल झाला.

बंदीच्या काळात झाडीपट्टीत एक वेगळेच दृश्य दिसले. पट गेला तर त्याच्यावर पोसलेले नाटकही जाईल, अशी धास्ती होती. दिवसाची मैदाने ओस पडली, पण रात्रीचे शामियाने भरतच राहिले; दिवाळीनंतर वडशाहून गाड्या निघत राहिल्या. मंडईही थांबली नाही. दवनीवाड्याच्या आसपास आजही दिवाळीनंतर धानाची कापणी आणि मंडई एकाच वेळी चालू असतात. रात्रभर दंडार झाली की सकाळी द्रौपदीच्या कपाळावरचे कुंकू अर्धवट पुसलेले असते, आणि ती बांधीत पुंजणे रचत असते. वाटेने जाणारा हाक मारून विचारतो, काल पदर का सुटला रे? ती उत्तर देते, आणि ते उत्तर दोघांनाही पुढच्या वर्षीच्या दंडारीत ऐकू येते.